हीच ती गाडी

आमच्या आळीत गेले वर्षभर मी तत्त्वचिंतक म्हणून ओळखला जातो. बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजून निवृत्त झालेल्या माणसाला ही पदवी मिळावी असे माझ्या हातून काहीही घडलेले नाही. दोष असलाच तर तो आमच्या फियाटचा आहे. घराच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी सरपण आणि शेणी रचलेल्या असत, त्या पत्र्याच्या खोलीत ती उभी असते. त्या खोलीला मी गॅरेज म्हणतो. सौ. तिला 'तिकडे' म्हणते. "कुठं आहेत?" असे कोणी विचारले की "तिकडे" एवढेच उत्तर मिळते आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर, एखाद्याच्या घरात दीर्घ आजार आहे असे कळल्यावर येतो तसा भाव येतो.

गाडी 1968 सालची. फियाट अकराशे डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात जन्मली. हिच्याच वंशातल्या गाडीला पुढे 1974 साली पद्मिनी हे नाव मिळाले आणि ती घराघरांत पोचली. आमची बारसे होण्यापूर्वीची. चार सिलिंडर, 1089 सी.सी., गिअरची दांडी स्टिअरिंगला. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, गाडीसाठी नंबर लावला तेव्हा माझी मुंज व्हायची होती आणि गाडी दाराशी आली तेव्हा मला मिसरूड फुटले होते. त्या काळी पैसे असले की गाडी मिळे, असे नव्हते. पैसे भरून मग म्हातारे व्हायचे असे.

अण्णा डॉक्टर. गावात दवाखाना आणि आसपासच्या खेड्यांतून व्हिजिटी. आठवडाभर माणसे तपासून झाली की रविवारी ते गाडी तपासत. टॅपेटचा आवाज नीट कळत नाही म्हणून एकदा त्यांनी इंजिनला स्टेथोस्कोप लावलेला मी पाहिला आहे. माझ्याकडे बॅटरी धरण्याचे काम असे. ज्यांनी लहानपणी वडिलांसाठी बॅटरी धरली आहे त्यांना अधिक सांगायला नको. जगात जिथे जिथे उजेड नको आहे तिथेच आपण तो पाडत असतो, हे मला वयाच्या सोळाव्या वर्षी कळून चुकले होते.

अण्णांची एक वही असे. दर साल नवी. गाडीला काय झाले, काय केले, किती पैसे गेले, आणि काय करायचे आहे, हे सगळे त्यात. 'पॉइंट घासणे.' 'फॅन बेल्ट नवा घेणे.' काम झाले की समोर लाल शाईची खूण. दवाखान्यातली उधारीची वही मात्र त्यांनी इतकी नीट कधी ठेवली नाही. तरी उधारीवरून एक आठवले. एका पेशंटने बारा वर्षांपूर्वीचे पैसे बुडवले होते. तो थोडा वाचणारा होता. तो अण्णांना म्हणाला, "डॉक्टर, माणसाच्या शरीरातल्या पेशी बदलत असतात म्हणतात. म्हणजे त्या वेळचा मी आणि आत्ताचा मी एकच कुठे?" अण्णा म्हणाले, "बरोबर आहे. पेशी बऱ्याच बदलल्या असतील. पण तुम्ही आत आल्या आल्या मला ओळख दिलीत. ओळख देणारा जो कोणी आहे, त्याच्याकडून पैसे घेईन मी." त्याने दिले. अठरा रुपये होते.

अण्णा 1990 साली गेले आणि पुढच्या वर्षी गाडी माझ्या नावावर झाली. तेव्हापासून बॅटरी माझीच आणि पानाही माझाच. या पस्तीस वर्षांत गाडीचे काय काय बदलले त्याचा हिशेब मांडायला बसलो तर बँकेचे ऑडिट बरे. डायनामो गेला, अल्टरनेटर आला. दोन दारे पद्मिनीची बसवली. सीटांतला काथ्या उंदरांनी आपल्या संसारासाठी नेला म्हणून नव्या गाद्या भरल्या. खालचा पत्रा कुजला, तो कापून नवा जोडला. किंगपिन, बुश, रेडिएटर, वायरिंग, काचांची रबरे. रंग तर तीनदा. पूर्वी कुर्ल्याच्या भंगारबाजारात उतरले की हवी ती वस्तू मिळे, कारण मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सी धावत होत्या आणि मरतही होत्या. पण 2003 साली नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, आणि मला आपल्याच भावकीतले कोणी गेल्यासारखे वाटले. दुःखात थोडा स्वार्थ असतो हे तेव्हा कळले. मला त्या टॅक्सीपेक्षा तिच्या पेट्रोल पंपाची काळजी होती.

घरी गाडी खोलण्याचा छंद ज्याला नाही त्याला एक अनुभव कधीच येणार नाही. आमचा सोलेक्सचा कार्ब्युरेटर मी वर्षातून एकदा खोलतो. जुन्या वर्तमानपत्रावर सगळे तुकडे ओळीने मांडतो. जेट, फ्लोट, सुई, स्प्रिंगा, स्क्रू, पॅकिंग. एकही वस्तू हरवलेली नसते. पण कार्ब्युरेटर नसतो. सगळे आहे आणि तरी नाही. शेजारी तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक राहतात. ते एकदा हे पसरलेले वर्तमानपत्र बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मिलिंद राजाला नागसेनाने हेच दाखवलं होतं." मला वाटले हे दोघे बाजारपेठेतले मेकॅनिक असावेत. तर तसे नव्हते. मिलिंद म्हणजे मिनँडर नावाचा ग्रीक राजा. नागसेन हे बौद्ध भिक्षू. राजा त्यांना भेटायला रथातून आला होता. भिक्षूंनी विचारले, "महाराज, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का?" राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. "मग हे सगळे वगळून रथ आहे का?" तर तेही नाही. तेव्हा रथ हे नुसते नाव, सगळे भाग जुळून आले म्हणजे आपण वापरतो ते, असे निघाले. आणि माणसाचेही तसेच.

मला हे फार पटले. फक्त एक शंका आली. मी कार्ब्युरेटर परत जोडतो तेव्हा दर खेपेस एक स्क्रू उरतो. आणि गाडी चालते. नागसेनांच्या रथाचे भाग बरोबर भरले असावेत, म्हणून त्यांना उरलेल्या स्क्रूचा विचार करावा लागला नाही. तो स्क्रू गाडी आहे की नाही? मी तो पूर्वी टाकून देत असे. प्राध्यापकांनी हे सांगितल्यापासून डबीत ठेवतो. डबीत आता अकरा स्क्रू आहेत.

इथवर सगळे करमणुकीचे होते. खरी पंचाईत चिरंजीवांनी केली. ते पुण्याला असतात आणि सणावाराला येऊन आमचे कल्याण करून जातात. गेल्या दिवाळीत म्हणाले, "बाबा, आपली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवून टाकू या." सरकारने 2021 साली तसा नियम केला आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली गाडी व्हिंटेज ठरू शकते. पूर्वी नोंदलेली असेल तर जुना नंबरही राहतो. मात्र तिने रोजच्या कामासाठी रस्त्यावर यायचे नाही. प्रदर्शनाला, रॅलीला जायचे आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. "म्हणजे आत्ता करते तेवढंच," सौ. आतून म्हणाली.

मला आनंद झाला. नियम शेवटपर्यंत वाचेपर्यंत तो टिकला. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी. चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आणि याखाली मालकाने सही करायची. म्हणजे दोन हजार वर्षे ज्या प्रश्नावर विद्वानांचे एकमत झाले नाही त्यावर मी एका सहीत निकाल द्यायचा, आणि तो खोटा निघाला तर जबाबदार राहायचे.

मी मनाशी म्हटले, दारे बदलली असतील, गाद्या बदलल्या असतील, पण गाडीचा आत्मा जागेवर आहे. आर.टी.ओ.च्या दृष्टीने आत्मा म्हणजे दोन नंबर, चासीचा आणि इंजिनचा. फियाटला वेगळी चासी नसतेच. पत्र्याचा सगळा सांगाडा एकसंध, आणि नंबर त्यावरच ठोकलेला. तेवढी वीतभर जागा मी कुंकवासारखी जपली आहे. तिथे गंज दिसला की माझा जीव वरखाली होतो. तर चिरंजीवांना बॅटरी धरायला लावून (त्यांनी ती भलतीकडेच धरली) मी कागद लावला, वरून पेन्सिल घासली आणि चासीच्या नंबराची छाप घेतली. आर.सी. बुकाशी तंतोतंत जुळली. मग इंजिनकडे वळलो. त्याचा नंबर ग्रीस आणि काजळीच्या बोटभर थराखाली होता. रॉकेलचा बोळा आणि पत्र्याची पट्टी घेऊन तो खरवडायला अर्धा तास लागला. नंबर दिसला. बुकातला तो नव्हता. एखाददुसरा आकडा चुकलेला असावा असेही नव्हे. सर्वस्वी वेगळा.

दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला गेली होती, मग हे कसे निसटले, असे कोणी विचारील. एक तर वाकायला कोणाला आवडते? आणि मागल्या खेपेला एजंटाने इंजिनच्या नंबराची छाप कागदावर चिकटवून दिली होती खरी. ती त्याने कुठून आणली ते देव जाणे. आम्ही फक्त पैसे दिले होते.

मी इंजिन कधी बदललेले नाही. म्हणजे बदलले ते अण्णांनी. आणि कळवले नाही. आता आमच्या अण्णांविषयी सांगायला हवे. लग्नाला जाण्यासाठी रजा हवी म्हणून एक आतेभाऊ त्यांच्याकडे आजारपणाचा दाखला मागायला आला होता. अण्णांनी लिहून दिले, 'यांची प्रकृती उत्तम असून ते लग्नास जाण्यास योग्य आहेत.' आतेभाऊ पुढे चार वर्षे आमच्याकडे आला नाही. असा हा गृहस्थ. मी शाळेत असताना बसमधून बिनतिकीट आलो म्हणून परतीचे तिकीट काढून फाडून टाकायला लावलेले. त्या गृहस्थाने दुसऱ्याच गाडीचे इंजिन घालून सरकारी बुकात जुना नंबर मिरवत वर्षानुवर्षे व्हिजिटी केल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी तीच की वेगळी, हा प्रश्न मागे पडला. अण्णा तेच की वेगळे, हे मला समजेना.

सकाळी माळ्यावरून वह्या काढल्या. 1983 सालची सापडली. ऑगस्टातल्या एका पानावर अण्णांच्या अक्षरात होते : 'इंजिन बदलले. जुने निकामी. बिल सोबत.' बिल खरोखरच टाचणीने लावलेले होते. टाचणी गंजली होती. खालच्या ओळीत : 'आर.टी.ओ.स कळवणे.' समोर खूण नाही. मी 1984 ची वही उघडली. पहिल्याच पानावर, करायच्या कामांत पहिले : 'आर.टी.ओ.स कळवणे (मागील).' खूण नाही. 1985. 'आर.टी.ओ. (मागील).' 1986. बाकी कामे होत होती. बेल्ट आले, टायर आले, सगळ्यांना लाल खुणा मिळाल्या. ही एक ओळ दरसाल पहिल्या पानावर उतरवली जात होती. 1990 च्या वहीतही होती. त्या वहीत त्या पानानंतर फारसे काही नाही.

मी आमच्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री आता ऐंशीच्या घरात आहेत. गॅरेज मुलगा बघतो, ते दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या इंजिनाचा आवाज ऐकतात आणि मान हलवतात. त्यांना ते सगळे आठवत होते.

"पावसाळा हुता," ते म्हणाले. "डॉक्टर बाळंतपनाला गेलतं. येताना घाटात रॉड तुटला आन् बलाकच्या बाहेर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हिजिट. गाडी तर पायजे. कोल्हापूरला एक फियाट ठोकल्याली, तिचं इंजिन ब्येस हुतं. रातीत बसीवलं."

"मग कळवलं का नाही?"

मिस्त्री जरा वेळ गप्प राहिले. "आता काय सांगायचं. आधी येळ न्हाई म्हनून ऱ्हायलं, मग उशीर झाला म्हनून ऱ्हायलं. मला म्हनायचं, आता गेलो तर इतके दिस का न्हाई आला म्हनून इचारतील. मी काय सांगू? लाज वाटती. मी म्हनलं, एजंटाकडनं करून घिऊ. त्येला ते न्हाई म्हनलं."

मी विचारले, "आणि जुनं इंजिन?"

मिस्त्री हसले. दात नसलेल्या माणसाचे हसू फार निर्मळ दिसते. "सायेब, तुमी कशावर बसलाय?"

मिस्त्रींच्या गॅरेजात एक लोखंडी ठोकळा आहे. त्यावर पोते टाकलेले असते. गेली पस्तीस वर्षे मी त्यावर बसून चहा पीत आलो आहे. उठलो, पोते बाजूला केले. चार भोके, एका बाजूला मूठ जाईल एवढे भगदाड, आणि पुसल्यावर नंबर. आर.सी. बुकातला. आकड्याला आकडा.

हे मी प्राध्यापकांना सांगितले तेव्हा त्यांना झालेला आनंद पाहून मला क्षणभर संतापच आला. ते म्हणाले, ग्रीकांच्या थीसियसचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते. कुजलेली फळी काढून नवी घालत गेले, आणि जहाज तेच की दुसरे यावर तत्त्वज्ञ भांडत बसले, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. पुढे सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात पाचर मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी सांभाळून ठेवल्या आणि त्यांचेच जहाज परत जोडले, तर खरे कोणते? "तुमच्याकडे तसंच झालं," प्राध्यापक म्हणाले. "अण्णांची गाडी कोणती? तुमच्या दारातली, की तुम्ही बसता ती?" हॉब्जला निदान दोन्ही जहाजे पाण्यात घालता येत होती. माझ्या एका गाडीला भगदाड होते आणि तिच्यावर पोते होते.

घरात यावर बैठक झाली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, सही करून टाका. कोण बघतंय? आत्तापर्यंत कोणी बघितलं?" प्राध्यापक म्हणाले की वस्तूचे मूळ स्वरूप म्हणजे द्रव्य नव्हे, आकार आणि उपयोग, त्या अर्थाने सही खोटी म्हणता येणार नाही. त्यांना रॅलीत पुढच्या सीटवर बसायचे होते, हे इथे नमूद करतो. सौ.ने एवढेच विचारले, "अण्णांनी केली असती का सही?"

आठ दिवसांपूर्वी या प्रश्नाला मी बोलायच्या आत उत्तर दिले असते. आता देता येईना. त्यांनी कळवले नव्हते, हे खरे. पण सात वर्षे दर जानेवारीत ती ओळ स्वतःच्या हाताने परत लिहिली होती, हेही खरे. बुडवायचे असते तर एका वर्षी लिहायचे विसरले असते. आणि ज्याने अठरा रुपयांसाठी पेशंटला, ओळख देणारा तोच देणेकरी, असे ऐकवले, त्याची गाडी मी ओळख सांगून घेतली होती. माझ्या वडिलांची गाडी म्हणून पस्तीस वर्षे गावात मिरवलो होतो. मग तिच्या डिकीत त्यांचे राहिलेले कामही आले असणार. स्टेपनी घेतली आणि पंक्चर घेतले नाही, असे कसे म्हणणार?

तर व्हिंटेजचा कागद मी कपाटात ठेवला आणि इंजिन बदलल्याची नोंद करून घ्यावी असा साधा अर्ज लिहिला. तारीख खरी घातली, ऑगस्ट 1983. सोबत टाचणीसकट बिल. आमच्या नेहमीच्या एजंटाला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि काळजीने माझ्याकडे बघितले. "काका, खोटं असतं तर दोन दिवसांत करून दिलं असतं," तो म्हणाला. "खऱ्याला वेळ लागतो."

अर्ज मी स्वतःच नेऊन दिला. खिडकीतला मुलगा चांगला होता. त्याने बिल उजेडात धरून बघितले, त्याच्या जन्माआधीचे होते. "एवढ्या वर्षांनी का आलात?" हा प्रश्न त्याने विचारलाच, ज्याच्या भीतीने अण्णा सात वर्षे आले नाहीत. मी म्हणालो, "वडिलांचं राहिलं होतं." त्याने मान डोलावली आणि शिक्का मारला. एवढेच होते. मला अण्णांना हे सांगावेसे वाटले की एवढेच असते.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. इंजिनबद्दल एक अक्षर नव्हते. वर लाल शाईत शेरा होता : 'अर्जदाराची सही 1991 च्या अभिलेखातील सहीशी जुळत नाही. अर्जदार व वाहनमालक एकच इसम असल्याबाबत प्रतिज्ञापत्र सादर करावे.'

सोमवारी नोटरीकडे जायचे आहे. प्राध्यापक म्हणाले, मीही येतो.